पाय न लागलेलं पाणी

फाल्गुन वद्य पंचमी, शके १८५३

ही वही यज्ञेश्वरानं आणून दिली. माझा लेक. म्हणाला, "आई, तू दिवसभर बोलतीस, पद्मजाला जरा डोळा लागू दे. काय बोलायचं ते हितं लिही." म्हटलं, बरं बाबा. माझे वडील वळसंगला शाळामास्तर होते. दुसऱ्या बुकापर्यंत शिकवलं आणि लग्न करून दिलं. अक्षरं कोंबडीनं माती उकरल्यासारखी येतात, पण येतात.

आणि आज तर लिहायलाच हवं. माझी सून पद्मजा सोलापुराहून, माहेराहून आली आणि तिच्या मांडीवर माझी नात आली! लग्नाला इतकी वर्षं झाली, औषधं झाली, उपास झाले, लोकांचं कुजबुजणं झालं, आणि आता हे एवढंसं तांबूस नाक. नाव दाक्षायणी. मी तिला देवीच म्हणते. गाडीतनं उतरवून घेतली तर माझ्याकडे बघून जांभई दिली. केवढी शहाणी!

शेजारची चिमाबाई धनगरीण गाडीच्या आधी दारात. दुपटं उघडून बघितलं आणि म्हणते, "बजाबाई, येवढा नवस बोललीस आन् पोरगी व्हय गं?"

मी म्हटलं, "नवसात मी लेकरू म्हनले व्हते. देवानं मागितलं त्ये दिलं. तुजी मेंढी व्याली की तू काय इचारतीस?"

"मेंढीला मी मादीच मागती की!" असं म्हणाली आणि दोघी पदर तोंडाला लावून हसलो.

हात दुखला. उद्या नवसाचं लिहिते.

फाल्गुन वद्य अष्टमी

उद्या म्हणाले होते, तीन दिवस झाले. घरात लेकरू असलं की वही कोण उघडतंय?

तर नवस. आम्ही गुरव. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला महादेवाचं देऊळ आहे, त्याची पूजा आमच्या घराकडे. देवळाच्या पायथ्याला झरा. खडकातनं येतो, दगडी गोमुखातनं पडतो आणि खाली कुंडात साठतो. कुंडाला पायऱ्या आहेत, उतरून गुडघाभर पाण्यात जाऊन घागर भरायची. कुणी बांधलं देव जाणे. भिंतीत एक लेख कोरलाय तो आमच्या वडिलांनाही लागला नव्हता. चिमाबाई म्हणते त्यांच्या कुणा आजोबाच्या बकरीनं खुरानं माती उकरली आणि पाणी लागलं, म्हणून झरा धनगरांचा. मी म्हणते बकरीला उकरायची बुद्धी महादेवानं दिली, म्हणून झरा आमचा. हे भांडण आमच्या सासवांपासून चालू आहे आणि दोघींनाही ते मिटवायचं नाही.

आमच्या भागात पाऊस रुसला की रुसतोच. विहिरी खडखडीत होतात. पण गोमुखाची धार तुटल्याचं कुणी सांगत नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं मला आधी कुंडात उतरवलं आणि मग उंबरा ओलांडू दिला. इथं नवी सून, नवं लेकरू, सगळ्यांची पायभिजवणी होते. आईनं लेकरू घेऊन गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, त्याची पावलं बुडवायची, ओंजळीतलं पाणी त्याच्या ओठाला लावायचं. मग ते लेकरू गावचं झालं. मी नवस बोलले होते, लेकरू दे, चैत्री पुनवेला तुझ्या कुंडात पायभिजवणी करीन, गावाला पुरणपोळी घालीन. गूळ आणून ठेवलाय. मुंग्या लागतायत.

फाल्गुन वद्य एकादशी

आज जरा राग आलाय, पण लिहून टाकते म्हणजे जाईल. पद्मजा घरात आलेलं पाणी जुनेर लुगडं चौपदरी करून गाळते. झऱ्याचं पाणी! आरशासारखं! मी म्हटलं, "आमचं पानी घान हाय व्हय गं?" तर म्हणाली, "तसं नाही आत्याबाई, मला सवय लागलीय." आणि गाळतच राहिली. माहेरी दिवसच्या दिवस काढले, कुठल्या दवाखान्यात काय ऐकून आली कोण जाणे. पण मुलीला न्हाऊ घालताना अशी गुणगुणते की रागवायचं मी विसरते.

यज्ञाच्या घोट्याला फोड आलाय. आग आग होतीय म्हणतो. नारू असणार. उन्हाळा लागला की गावात घरटी एकाला असतोच. लांबच लांब दोऱ्यासारखा किडा, पायातनं डोकं काढतो, मग काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिना महिना निजून. पेरणीच्या तोंडावर कितीतरी गडी असे बसून राहतात.

आमचे चुलत सासरे हरिबाकाका तेवढे सुटले. जन्मभर देवाच्या तीर्थाशिवाय दुसरं पाणी प्याले नाहीत, म्हातारे होऊन गेले, पण पायाला नारू शिवला नाही. भक्ती अशी असते.

फाल्गुन अमावास्या

फोड फुटला. मी यज्ञाला धरून कुंडावर नेलं आणि पाय पाण्यात सोडायला लावला. गावात सगळे तेच करतात. गार पाणी लागलं तशी आग विझली, चेहरा कसा निवला पोराचा! नारूनंही पांढरं टोक बाहेर काढलं. गंगामाई, तुझे उपकार किती मोजू? रोज आणीन म्हटलं त्याला सकाळ-संध्याकाळ. शेजारीच बायका घागरी भरत होत्या, त्यांनी चौकशी केली. एकीनं घरगुती लेप सांगितला.

चैत्र शुद्ध चतुर्थी, शके १८५४

काय काय झालं आज! लोकल बोर्डाचे, बांधकामं बघणारे ओव्हरशेर आणि सोलापूरचे एक डॉक्टर आले. डॉक्टर अगदी तरणे, उन्हानं नाक सोललेलं. मला बाई त्याच्या आईची दया आली. देवळाच्या मंडपात गाव जमला. गुरुबसप्पा पाटील लोडाला टेकून बसले. ते घरात कानडी बोलतात आणि चावडीवर मराठी, रागावले की दोन्ही.

डॉक्टरांनी कुंडातलं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं आणि भिंगातनं एकेकाला दाखवलं. मीही बघितलं. बारीक बारीक ठिपके टुणटुण उड्या मारत होते. मला मौज वाटली, हात जोडले. देवाची लेकरंच ती.

डॉक्टर म्हणाले, "आजी, नमस्कार नका करू. नारूचा पाय पाण्यात बुडला की नारू पिलं सोडतो. ती या किड्यांच्या पोटात जातात. तेच पाणी माणूस प्याला की वर्षानं त्याच्या पायातनं नारू बाहेर येतो. म्हणून पाण्यात पाय घालणंच बंद करायचं. पायऱ्यांवर भिंत बांधू, वर रहाट बसवू."

मंडपात एकच गलका. डॉक्टरांनी विचारलं, "नारूचा पाय घेऊन कुंडात हल्ली कोण कोण उतरलं होतं?"

मला नेमकं तेव्हाच आठवलं की दिव्याच्या वाती वळायच्या राहिल्यात. मान खाली घालून वळत बसले. फार छान झाल्या, सगळ्या एकसारख्या.

चिमाबाई कडाडली, "भित्त बांदून आमच्या बकरीचं पानी कोंडताय व्हय?"

पाटील माझ्याकडे वळले. "बजव्वा, येनंतीरि? तुमी काय म्हनता? देऊळ तुमच्याकडं, कुंड तुमच्याकडं. तुमी व्हय म्हनला तर गाव व्हय. न्हाय म्हनला तर साहेबास्नी मी गाडीत बशिवतो."

एवढा मान मला जन्मात कुणी दिला नव्हता. मी उभी राहिले आणि म्हटलं, "माज्या नातीची पायभिजवणी पुनवेला हाय. तितं भित्त उभी ऱ्हायची न्हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टर म्हणाले, पुनवेनंतर पुन्हा येतो. त्यांना ताक दिलं. दोन पेले प्याले.

पद्मजा गाभाऱ्याच्या दारामागं उभी होती. मी तिच्याकडे मोठ्या अभिमानानं बघितलं, तर ती आत निघून गेली.

चैत्र शुद्ध षष्ठी

पद्मजा म्हणाली, "आत्याबाई, पुनवेआधी मी चार दिवस माहेरी जाऊन येऊ?"

मी म्हटलं, "आन् पायभिजवणी?"

देवीचं टोपडं सारखं बांधत आणि सोडत बसली. मग हळूच म्हणाली, "माझी थोरली बहीण नारूनं तीन महिने पाय धरून बसली होती. तिच्या अंगावरचं पोर तेव्हाच गेलं. तिला उठताच येईना तर त्याला कोण बघणार?"

हे मला ठाऊक नव्हतं. सात वर्षांत कधी बोलली नाही. मी तिच्या डोक्यावरनं हात फिरवला. पण नवस तो नवस. मोडला आणि लेकराला काही झालं तर? लेकाला विचारलं तर तो पायातला नारू काडीवर गुंडाळत म्हणतो, "आई, तुमच्या दोघींच्यात मला वडू नगा." बाप झाला तरी तसाच.

चैत्र शुद्ध सप्तमी

जेवण गेलं नाही. घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. देवी तेवढी हसते.

चैत्र शुद्ध नवमी

पद्मजा गेली नाही. उलट पहाटे म्हणाली, "तुमची कंबर धरलीय, देवाचं पाणी आज मी आणते. कुठनं भरायचं तेवढं दाखवा." केवढं बरं वाटलं! माझ्यामागं हे तिलाच करायचंय. कंबर चोळत सोबत गेले.

ती कळशी घेऊन पायऱ्या उतरायला लागली. मी ओरडले, "अगं, तितनं न्हवं! बाजूच्या कट्ट्यावरनं ये. हात लांब करून गोमुखाच्या धारेखाली कळशी धरायची."

"कुंडातलं नाही चालत?"

"अगं बाई, पाय लागल्यालं पानी देवाला? शिव शिव! आमच्या घरात असं कुणी केलं न्हाय. गोमुखातनं पडायच्या आत धरायचं."

"पडल्यावर बाटतं का?"

"बाटतं म्हंजे? साऱ्या गावाचे पाय त्यात."

"हो का," म्हणाली आणि कळशी भरून मुकाट्यानं चालायला लागली. पोर गुणी आहे, सांगितलेलं चटकन धरते. देवाला पाणी घालताना मात्र पिंडीकडे नुसती बघत राहिली.

दुपारी देवीला तेल लावताना मला विचारते, "आत्याबाई, तुम्ही हिला दाक्षायणी कधीच म्हणत नाही. देवीच का म्हणता?"

मी म्हटलं, "देवीच हाय ती माजी. साक्षात."

"खरंय," म्हणाली. "देवीच आहे." आणि पावलांना तेल चोळत बसली. ती पावलं अशी इवलीशी, तिच्या तळहातात दोन्ही मावली.

चैत्र शुद्ध दशमी

मला आज एक सुचलं! आपोआप सुचलं, देवाला पाणी घालता घालता. महादेवानंच घातलं मनात. कळशी हातात तशीच राहिली. देवाला पाय लागलेलं पाणी चालत नाही, मग माझ्या देवीच्या ओठाला ते कसं चालतंय? इतक्या पिढ्यांत हे कुणाच्या कसं ध्यानात आलं नाही?

धावत घरी आले, म्हणजे कंबर धरून जेवढं धावता येतं तेवढं. पद्मजाला सांगितलं. ती ऐकून एवढी चकित झाली! "आत्याबाई, हे तुम्हाला सुचलं?" म्हणाली आणि माझ्या पाया पडली. डोळ्यात पाणी होतं तिच्या. सासूच्या बुद्धीचं एवढं कौतुक असणारी सून कुणाला मिळते?

चैत्र पौर्णिमा

झाली. माझ्या देवीची पायभिजवणी झाली!

गाव कुंडाशी जमला. मी पद्मजाला सगळ्यात वरच्या पायरीवर उभी केली. लोक बघायला लागले. मी कट्ट्यावरनं जाऊन गोमुखाखाली देवाची कळशी धरली, भरून वर आणली आणि आईच्या आणि लेकीच्या पावलांवर ओतली. मग बोटानं तीन थेंब ओठाला. देवीनं बोटच चोखलं.

चिमाबाई म्हणाली, "ह्ये कसलं नवं काडलंस बजे? कुंडात उतरायचं सोडून हितं वर? कुंडाचा अवमान हाय ह्यो."

मी म्हटलं, "चिमे, महादेवाला मी कुंडातलं पानी घालते का?"

"न्हाय."

"का न्हाय?"

"पाय लागल्यालं असतंय."

"मग ही माजी देवी हाय. तिला पाय लागल्यालं पाजू व्हय? आन् तुजी नातवंडं काय देवाची न्हाईत?"

चिमाबाईचं तोंड उघडंच राहिलं. हे मी प्रथमच बघितलं, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

पाटील हसायला लागले. "बजव्वा, मग भित्त?"

मी म्हटलं, "बांदा. पन गोमुखासमोर खिडकी ठेवा. तिचं तोंड दिसलं पायजे आन् धार ऐकू आली पायजे. न्हायतर मी बांदू द्यायची न्हाय."

पुरणपोळ्या पुरल्या. गुळातल्या मुंग्या कुणाला कळल्या नाहीत. मला आज काही मागायचं नाही देवाजवळ. रहाटाचं कसं होईल, लोक वापरतील की नाही, ही धाकधूक आहे, पण मन भरून आलंय. लेक आहे, सून आहे, नात आहे, धार चालू आहे.

वैशाख वद्य तृतीया, शके १८५५

वर्ष झालं की वहीला! माझी देवी वाट्या एकावर एक ठेवते आणि पाडते. दिवस तेवढ्यातच जातो.

आज लिहिते कारण मन थाऱ्यावर नाही. भिंत झाली, रहाट झाला, खिडकीतनं गोमुख दिसतं, सगळं झालं. आणि तरी गावात पुन्हा नारू निघाले! चिमाबाईला तर दोन्ही पायांना. ती अंगणात बसून मला ऐकू जाईल अशी बोलते, "कोंडलं आमचं पानी! आन् झालं काय? म्हातारीचा मान झाला, दुसरं काय!" चार गडी पहारी घेऊन भिंत फोडायला निघाले होते. पाटलांनी त्यांना दोन्ही भाषांत थांबवलं.

मी पद्मजाला म्हटलं, "माजं चुकलं का गं?"

ती म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले होते आठवतंय? पोटात गेल्यापासून बाहेर यायला वर्ष लागतं. हे गेल्या उन्हाळ्यातले आहेत, भिंतीच्या आधीचे. तेव्हा जे पाणी प्यालं गेलं त्याचे."

गेल्या उन्हाळ्यातले. गेल्या उन्हाळ्यात फाल्गुनात मी यज्ञाला धरून सकाळ-संध्याकाळ

हे वाक्य एवढंच ठेवते.

वैशाख वद्य सप्तमी

रोज सकाळी रहाटापाशी बसते. पदरात कापूस, वाती वळायच्या. कुणी फडकं बांधलेला पाय घेऊन आलं की उठते. पाय आगीनं तडकत असतो, त्याला गारवा हवाच. मी स्वतः बादली ओढते आणि लांब, बाभळीखाली कोरड्या मातीवर त्याला बसवून पायावर पाणी घालते. ते पाणी तिथंच जिरतं. कुंडाकडे एक थेंब जात नाही. कंबर ओरडते. ओरडू दे.

आज चिमाबाईला धरून आणलं. आधी नाही म्हणाली. मग पाय पुढं केला. मी पाणी ओतत होते तर विचारते, "बजे, तू का गं करतीस येवढं? तुला काय पडलंय?"

मी म्हटलं, "बकरीनं काडल्यालं पानी हाय. धनगरणीला नगं व्हय घालायला?"

तिनं दुसरा पायही पुढं सरकवला. मग म्हणाली, "वत अजून. गार लागतंय."

भिंत फोडायचं आता कुणी काढत नाही. पद्मजानं गावातल्या बायकांना जुनेरं चौपदरी शिवून दिली. मी घरोघर सांगते, देवाचं पाणीसुद्धा आमच्याकडे गाळून घेतात. ते मीच सुरू केलं म्हणून सांगते. पद्मजा हसते.

ज्येष्ठ शुद्ध एकादशी, शके १८५६

उन्हाळा सरला. मृगाची वाट बघतायत. गावात नारू नाही. मी दोनदा विचारून घेतलं. पाटील म्हणाले, "इल्ल, बजव्वा. न्हाय. येक पन न्हाय." पेरणीला सगळे गडी पायावर उभे आहेत. डॉक्टर मुद्दाम येऊन गेले. नाक अजून सोललेलंच. ह्या खेपेला तीन पेले ताक प्याले.

आज देवीला देवळात घेऊन गेले होते. आता ती धावते आणि तिच्यामागं मी. गाभाऱ्यात कडेवर घेतली तर कोनाड्यात हात घालून तिनं एक काडी बाहेर काढली. गुळगुळीत, टोकाला काळसर. यज्ञाची, नारू गुंडाळायची. नारू निघाल्यावर मीच देवापाशी ठेवली होती, दोन वर्षं तिथंच पडून होती, मी विसरूनच गेले होते.

"आजी, ह्ये काय?" म्हणते.

पद्मजा घंटेखाली उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. मी काडी देवीच्या हातातनं घेतली, दिव्याशी गेले आणि विझत आलेली वात त्या काडीनं वर सारली. ज्योत मोठी झाली.

"वातीची काडी हाय देवी," म्हटलं. "दे, जागेवर ठेवू."

तर ऐकते कुठली? स्वतःलाच ठेवायची होती. मी तिला पुन्हा उचलून धरली, तेव्हा तिनं काडी कोनाड्यात ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. खिडकीतनं धार ऐकू येत होती.